नव्वद दिवसांची अट

विम्याच्या हप्त्याची नोटीस आली की वॉकर्स्टनमधल्या बाकीच्या घरांतून शिव्या ऐकू यायच्या आणि रेनो झमितच्या घरातून शीळ. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरचा, मकायचा तो सगळा पट्टाच वादळांचा. विमा कंपन्या दर वर्षी घरांचे हप्ते चढवायच्या, आणि शेजारचा म्हातारा तर पाकीट उघडायच्या आधी खुर्ची ओढून बसून घ्यायचा. रेनो मात्र पत्रपेटीपाशीच उभ्या उभ्या पाकीट फाडायचा, आकडा बघायचा आणि स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून ओरडायचा, "मेलि, यंदा सात हजार चारशे! सात हजार चारशे पॉइंट!"

हप्ता तो क्रेडिट कार्डाने भरायचा. डॉलरला एक पॉइंट. घराचा, गाड्यांचा, होडीचा. एवढ्यावर त्याचं भागेना म्हणून त्याने भावाच्या ऊसतोडणी यंत्राचा विमाही आपल्याकडे घेतला होता. साल्वू त्याला चेक द्यायचा आणि रेनो कार्डाने भरायचा. भावजय डोरिसची गाडी तशीच. फादरला गोड बोलून त्याने चर्चच्या हॉलचा हप्तासुद्धा स्वतःच्या कार्डावर ओढला होता. हप्ता ज्याचा त्याचा, पॉइंट सगळे रेनोचे. पाहिजे होते आठ लाख चाळीस हजार. तेवढे झाले की नवरा-बायको विमानाच्या पहिल्या वर्गात बसून जगाची फेरी मारणार होते, वाटेत माल्टात उतरणार होते. दोघांचेही आईबाप तिथून ऊस तोडायला आलेले. या दोघांनी ते बेट फोटोतच पाहिलं होतं.

मेलिताने पहिली दहा वर्षं या बेतावर मनापासून विश्वास ठेवला. पुढची दहा सवयीने. ती पडद्यांच्या कापडाच्या दुकानात काम करायची, रेनो साखर कारखान्यात फिटर होता. मूलबाळ नव्हतं. रेनो दारू पीत नव्हता, हात उगारत नव्हता, रविवारची चर्चमधली मिस्सा चुकवत नव्हता. "मला तर वाटतं तू नशीबवान आहेस," डोरिस तिला म्हणायची, "आमच्याकडे नुसती भांडणं चालतात."

मेलिताच्या नावावर एक विमा असा होता, जो रेनोने नाही, तिने स्वतः हट्ट धरून घेतला होता. गंभीर आजाराचा. तिची मावशी छातीच्या कर्करोगाने गेली, तेव्हा तिच्या उशाशी मेलिताच होती. अकरा वर्षं तो हप्ता बिनबोभाट जात होता. त्या वर्षी जुलैत कंपनीचं पत्र आलं, की यापुढे हप्ता फक्त बँकेतून, कार्ड चालणार नाही.

"बँकेतून?" रेनो म्हणाला. "म्हणजे पैसे नुसतेच जाणार?"

आठवड्याभरात त्याने ग्लेनिसला बोलावलं. ग्लेनिस पर्डी मकायमध्ये विम्याची कामं करायची. जाडजूड, घामेघूम बाई, पण कामाला चोख. मेलिता मॅकरोनी ओव्हनमध्ये घालायच्या आधी वर चीज किसत होती आणि हे दोघं टेबलाशी बसले होते. नवी कंपनी कार्ड घेत होती. आयुर्विमा आणि आजाराचा विमा एकत्र, शिवाय पहिल्या वर्षी चाळीस हजार बोनस पॉइंट. हप्ता रेनोच्या कार्डावरून जाणार, म्हणून पॉलिसीचा मालकही रेनोच.

"एक गोष्ट नीट ऐक, रेनो," ग्लेनिस म्हणाली. "नव्या पॉलिसीत पहिले नव्वद दिवस कर्करोग धरत नाहीत. हृदय नाही, पक्षाघात नाही, कर्करोग नाही. म्हणून जुनी लगेच तोडू नकोस. तीन महिने दोन्ही चालव, मग जुनी सोड."

"तीन महिन्यांचे किती होतात?"

"दोनशे चाळीस."

"दोनशे चाळीस, बिनपॉइंटचे," रेनो म्हणाला.

मेलिता किसणी खाली ठेवून म्हणाली, "राहू दे की तीन महिने."

"अकरा वर्षांत साधा ताप आला नाही तुला, आणि नव्वद दिवसांत काय होणार आहे?"

ग्लेनिसने मेलिताकडे पाहिलं. मेलिताने हात पुसले आणि बोट ठेवलं तिथे सही केली. पॉलिसी तीन ऑगस्टपासून सुरू झाली. जुनी त्याच दिवशी बंद झाली.

ऑक्टोबरच्या तीन तारखेला, बुधवारी सकाळी, अंघोळ करताना तिच्या डाव्या छातीला गाठ लागली. काखेच्या बाजूला, वाटाण्याएवढी, घट्ट. ती पाणी बंद न करताच तशीच उभी राहिली. मग अंग पुसून, झगा गुंडाळून बाहेर आली. ऊस गाळपाचे दिवस होते. रेनो रात्रपाळी करून आला होता आणि अंडी खात होता.

"रेनो, गाठ आहे," ती म्हणाली. "इथे."

त्याचा काटा ताटात राहिला. तो उठला आणि तिच्याकडे यायच्या ऐवजी शीतपेटीकडे गेला. शीतपेटीच्या दारावर खाटकाच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. त्याने बोटाने मागे मोजलं, पुन्हा पुढे मोजलं.

"बासष्टावा," तो म्हणाला.

"काय?"

"आज बासष्टावा दिवस. मादोन्ना! अठ्ठावीस दिवस कमी पडले." मग त्याच्या लक्षात आलं असावं, तो आला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काही नसेल गं. दहातल्या नऊ गाठी कशाच्याच नसतात. पण असलीच, तर मेलि, आत्ता डॉक्टरकडे जाऊ नकोस. आत्ता गेलीस तर कागदावर येईल. दोन लाख डॉलर आहेत. घराचं कर्ज फिटून उरतील. चार आठवडे. इतकी वर्षं गेली, चार आठवड्यांनी काय होतंय?"

 कुणाला वाटेल तिने भांडायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर तिला थांबायला बरं वाटलं. डॉक्टरने हात लावेपर्यंत ती गाठ म्हणजे फक्त गाठ होती. आणि आकडेमोड रेनोने करायची, मेलिताने सही करायची, असं सव्वीस वर्षं चाललं होतं. दोन लाखांचा विचार तिच्याही मनात आला, तेही तिने पुढे कधी नाकारलं नाही.

ते अठ्ठावीस दिवस रेनो तिच्याशी जितका चांगला वागला, तितका लग्नाच्या पहिल्या वर्षीही वागला नव्हता. पाळीवरून येताना पास्तिझ्झी, म्हणजे चीज भरलेल्या माल्टी करंज्या, आणायचा, अजून गरम. कपडे वाळत घालायचा. तिला जड उचलू द्यायचा नाही. संध्याकाळी व्हरांड्यात तिच्या शेजारी बसून उसाच्या पाचोळ्याची काळी राख अंगणात पडताना बघत बसायचा आणि मधेच विचारायचा, "दुखतंय का?" नाही म्हटलं की समाधानाने मान हलवायचा.

मेलिता रोज सकाळी गाठ चाचपायची. दोन आठवड्यांनी तिला ती मोठी वाटली. तिने रेनोला सांगितलं.

"तुला वाटतं तसं," तो म्हणाला. "सारखा हात लावलास की सुजणारच."

चर्चच्या बाजारात डोरिसच्या लक्षात आलं, की मेलिता डावा हात अंगाला धरून चालते. "काय गं, हाताला काय झालं?"

"स्नायू," रेनो मधेच म्हणाला. "पडद्यांचे गठ्ठे उचलते ना दुकानात."

डोरिसने मेलिताकडे बघितलं. मेलिता केकच्या तुकड्यांची किंमत विचारायला वळली.

नव्वदावा दिवस ऑक्टोबरच्या एकतीस तारखेला संपला. एक नोव्हेंबरला सर्व संतांचा सण. सकाळी दोघं मिस्साला गेले आणि तिथूनच परस्पर दवाखान्यात. गाडीत रेनोने तिची तयारी करून घेतली.

"कधी लागली?"

"काल रात्री."

"अशी चाचरू नकोस. कधी लागली?"

"काल रात्री, रेनो."

डॉ. एल्स्पेथ काल्डर साठीची, बारीक केस कापलेली बाई होती. तिने मेलिताला टेबलावर निजवलं आणि बोटं गाठीवर ठेवली. एकदा ठेवली, मग काखेत सरकवली, मग पुन्हा गाठीवर आणली आणि तिथेच ठेवली. बोटं गरम होती.

"कधीपासून जाणवतंय हे, मेलिता?"

"काल रात्री," खुर्चीतून रेनो म्हणाला.

"मी त्यांना विचारलं," डॉक्टर मागे न बघता म्हणाल्या.

मेलिता छताकडे बघत होती. चार आठवड्यांत तिला कुणी काही विचारलंच नव्हतं, फक्त दुखतंय का एवढंच. ती म्हणाली, "ऑक्टोबरच्या तीन तारखेपासून. बुधवार होता. सकाळी सात वाजता."

खुर्ची करकरली. डॉक्टरांनी तारीख लिहिली. "मग इतके दिवस आला का नाहीत?"

मेलिताने मान वळवून रेनोकडे पाहिलं. डॉक्टरांनीही पाहिलं. ते उत्तर कुणी कागदावर लिहिलं नाही.

गाडीत बसल्यावर रेनोने किल्ली लावली आणि फिरवली नाही. दोन्ही हात स्टीयरिंगवर ठेवून तो समोरच्या भिंतीकडे बघत राहिला.

"दोन शब्द," तो म्हणाला. "दोन शब्द म्हणायचे होते तुला. आणि तू वेळही सांगितलीस. सात वाजता! कुणी विचारली होती वेळ?"

"रेनो, तिने काखेतही काहीतरी चाचपलं."

"एका शब्दाचे लाख डॉलर, मेलि."

काखेत खरंच होतं. शस्त्रक्रियेत छाती गेली आणि काखेतल्या सात गाठींत रोग सापडला. शस्त्रक्रिया करणारा तरुण डॉक्टर होता, सरळ बोलणारा. मेलिताने त्याला एकटीने गाठून विचारलं, की चार आठवडे आधी आले असते तर?

"कुणी सांगू शकणार नाही," तो म्हणाला. "कदाचित सातच्या सातही असत्या. कदाचित एकही नसती."

तो हो म्हणाला असता तरी तिला चाललं असतं. हे 'कुणी सांगू शकणार नाही' तिच्या अंगात जाऊन बसलं. औषधांनी केस गेले, नखं काळी पडली, तोंडात फोड आले, आणि प्रत्येक वेळी ते वाक्य आतून वर यायचं.

जानेवारीत कंपनीचं पत्र आलं. डॉक्टरांच्या टिपणाप्रमाणे आजाराची लक्षणं नव्वद दिवसांच्या आत दिसली होती, सबब दावा नामंजूर. मेलिता कोचावर पडली होती, डोक्याला फडकं बांधून. रेनोने पत्र दोनदा वाचलं, घडी घातली, आणि तिच्या पायाशी बसला. तिचा पाय थोपटत म्हणाला, "जाऊ दे. निदान चाळीस हजार तरी जमा झाले."

पुढे हे डोरिसला सांगताना मेलिता म्हणाली, "त्याने मला टोमणा मारला असता तर मी विसरलेही असते. तो मला धीर देत होता गं."

एप्रिलपासून सहा आठवडे किरणोपचार घ्यायचे होते आणि तेव्हा ती सोय मकायमध्ये नव्हती, टाउन्सविलला होती. तिथे बाहेरगावच्या रुग्णांसाठी वसतिगृह होतं. सोमवार ते शुक्रवार उपचार, शनिवार-रविवार मोकळे. बसला सहा तास लागायचे, विमानाला एक.

"शुक्रवारी विमानाने येईन आणि रविवारी जाईन," मेलिता म्हणाली. "पॉइंटांवर होतं ना?"

"एका बाजूचे आठ हजार पडतात," रेनो म्हणाला. "तासाभराला आठ हजार! याच्याइतका आतबट्ट्याचा व्यवहार नाही, मेलि. बसचे पैसे सरकार देतंय. आता सहा लाख ऐंशी झालेत. आणखी दीड वर्ष धीर धर. तू बरी झालीस की थेट पहिल्या वर्गात. पाय लांब करून झोपशील. मग म्हणशील, बरं झालं रेनोने राखून ठेवले."

तो हे अगदी प्रेमाने बोलत होता. म्हणूनच तिला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

पहिल्या शुक्रवारी ती बसने आली. शस्त्रक्रियेच्या हुळहुळ्या व्रणावर पट्टा घासत होता, खिडकीतून ऊन त्याच बाजूला. प्रोसरपाइनच्या पुढे ती पिशवीत ओकली. नंतर ती आलीच नाही. रेनो म्हणाला होता, जमेल तसा मी येईन. एकाही शनिवारी त्याला जमलं नाही. गाळप संपलं होतं, पण होडीचं इंजिन उघडलं होतं.

वसतिगृहात तिच्या मजल्यावर नऊ बायका होत्या. शेजारच्या खोलीत मर्ल, चार्टर्स टॉवर्सची, सत्तर वर्षांची, डोक्यावर एक केस नाही आणि तोंडात एक शब्द सरळ नाही. स्वयंपाकघरातला टोस्टर पावाची एकच बाजू जाळायचा.

"मेल्याने पुन्हा कोळसा केला," मर्ल एका सकाळी म्हणाली. "एवढ्या जणींचे पैसे खातात, एक टोस्टर घेता येत नाही का यांना?"

मेलिता उठली आणि जिन्यापाशी फोन होता तिथे गेली. पॉइंट जिच्याकडे साठायचे त्या विमान कंपनीचा नंबर तिला पाठ होता. रेनो कामावर असताना तासनतास फोन धरून बसायचं काम वीस वर्षं तिचंच. त्याचा चार आकडी गुप्त क्रमांकही पाठ होता. पॉइंट देऊन विमानाखेरीज घरगुती वस्तूही मिळायच्या, फक्त त्यात पॉइंटांची माती व्हायची. साल्वूने एकदा आपल्या पॉइंटांवर भांड्यांचा संच घेतला, तर रेनो त्याच्याशी महिनाभर धड बोलला नव्हता.

"टोस्टर," मेलिता म्हणाली. "चार पाव बसतील असा."

"नऊ हजार सहाशे पॉइंट होतील, मॅडम," फोनवरची मुलगी म्हणाली.

"दोन द्या."

त्या दिवशी दुपारी ती दोन थाळ्या रस्सा जेवली. डिसेंबरपासून इतकं अन्न तिच्या पोटात राहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने मर्लला विचारलं, तुला घरी काय हवंय? मर्लला वाटलं ही औषधाने भरकटली. मग म्हणाली, शिवणयंत्र. बोवेनच्या बाईला कपडे वाळवायचं यंत्र हवं होतं. इंगममधल्या बाईच्या नवऱ्याला गोल्फच्या काठ्या. कुणाला मिक्सर, कुणाला तंबू, कुणाला नातवाची सायकल. मेलिताने कागदावर सगळ्यांचे पत्ते लिहून घेतले आणि सलग तीन सकाळी फोनशी बसून एकेक वस्तू मागवली. प्रत्येक वेळी ती मुलीला आकडा मोठ्याने सांगायला लावायची. शेवटी वसतिगृहासाठी मोठी शीतपेटी आणि व्हरांड्यात ठेवायला बारा खुर्च्या. एकशे दहा पॉइंट उरले. एवढ्यात काही येत नव्हतं.

रेनोला कळलं ते पॉइंटांच्या महिन्याच्या हिशेबाच्या कागदावरून. त्याने फोन केला नाही. तो शनिवारी सकाळी निघाला आणि साडेचार तास गाडी हाकत टाउन्सविलला आला. जमलं त्याला.

बायका नव्या खुर्च्यांवर चहा पीत बसल्या होत्या. रेनो पायऱ्या चढून आला आणि मेलितासमोर उभा राहिला. हातात कागद होता. दाढी केलेली नव्हती.

"कुणीतरी चोरले, मेलि," तो म्हणाला. "कुणीतरी माझा क्रमांक चोरला. सहा लाख ऐंशी हजार. टोस्टर घेतलेत. टोस्टर! पोलिसात जायचं की—"

"मी घेतले."

त्याला समजल्यासारखं दिसेना.

"मी घेतले, रेनो. ज्या खुर्चीला धरून उभा आहेस ती एकवीस हजारांची."

त्याने खुर्चीवरचा हात काढला. मग त्याचं तोंड वाकडं झालं आणि तो रडायला लागला. हुंदके देऊन, खांदे हलवत, नाक गळेपर्यंत. सव्वीस वर्षांत मेलिताने त्याला रडताना पाहिलं नव्हतं. आईच्या दफनाला नाही, हिची छाती कापली त्या दिवशीही नाही.

"वीस वर्षं," तो म्हणत होता. "वीस वर्षं, मेलि. तुझ्यासाठीच ना? तुझ्यासाठीच जमवत होतो ना?"

तो खोटं बोलत नव्हता. मेलिताला ते माहीत होतं. तिने चहाचा घोट घेतला आणि त्याला रडू दिलं.

"टोस्ट खाणार का रे बाबा?" मर्लने विचारलं. "दोन्ही बाजूंनी छान भाजतो हा."

बायका हसल्या. आधी एक, मग सगळ्या, टकलं मागे टाकून. मेलिताही हसली, व्रण दुखेपर्यंत. रेनो तसाच उलट्या पावली उतरला. फाटकाशी त्याने एकदा मागे पाहिलं, आणि मेलिताने त्याला हात केला, पाहुण्याला करतात तसा.

उपचार संपल्यावर ती मकायला परत गेली नाही. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तिला काम मिळालं. वकिलामार्फत घटस्फोट झाला, घर विकलं गेलं, कर्ज फिटून उरलं ते अर्धं अर्धं वाटलं गेलं. फादर दोनदा टाउन्सविलला येऊन समजावून गेला. ती त्याला चहा द्यायची आणि बसच्या वेळेला उठवायची.

पुढच्या वर्षीचा ऑगस्ट आला आणि ग्लेनिसचा फोन आला. "मेलिता, तुला सांगू की नको कळेना. ती पॉलिसी अजून चालू आहे. आजाराची गेली, पण आयुर्विमा चालू आहे. चार लाखांचा. मालक रेनो आहे आणि हप्ता तो भरतोय. तुझ्या मृत्यूनंतर पैसे त्याला."

"बंद कर."

"मालकालाच करता येते गं."

मेलिताने त्याच संध्याकाळी रेनोला फोन लावला. वर्षभरात पहिल्यांदा.

"कशाला बंद करू?" तो म्हणाला. आवाज शांत होता. "तुला आता जगातली कुठलीच कंपनी विमा देणार नाही. ही पॉलिसी म्हणजे सोनं आहे. शिवाय कार्डावर भरतो, पॉइंटही येतात."

"मी मरायची वाट बघतोयस?"

"मी कशाची वाट बघत नाही," रेनो म्हणाला. "हप्ता भरतो, एवढंच."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ पलंगावर बसून होती. सात गाठी. रेनोने हिशेब करूनच पॉलिसी ठेवली असणार; त्याचे हिशेब सहसा चुकत नसत.

पण ती मेली नाही. पहिल्या वर्षी तपासणी स्वच्छ निघाली, दुसऱ्या वर्षीही. केस परत आले, आधीपेक्षा कुरळे. पाचव्या वर्षी डॉक्टर म्हणाला, आता वर्षातून एकदाच आलात तरी चालेल. दर वेळी ती अहवालाची प्रत काढायची आणि तीन ऑगस्टला पोचेल अशा बेताने रेनोला पाठवायची. मग संध्याकाळी फोन करायची.

"मिळाला का?"

"मिळाला. छान आहे."

"हप्ता भरलास?"

"भरला."

वय वाढेल तसा तो हप्ता वाढत होता. पहिल्या वर्षी नऊशे होता, नवव्या वर्षी साडेचार हजार. डोरिस फोनवर सगळं सांगायची, आणि चवीने सांगायची. रेनो निवृत्त झाला. साल्वूने यंत्राचा विमा स्वतःकडे घेतला, फादर बदलला आणि हॉलचाही गेला. होडी विकली. पाठोपाठ गाडी विकली. मग कार्ड कंपनीनेच विम्याच्या हप्त्यांवर पॉइंट देणं बंद केलं. "तरी भरतो गं," डोरिस म्हणाली. "साल्वू म्हणाला त्याला, अरे सोड आता. तर म्हणतो, इतकी वर्षं भरले, आणि सोडल्याच्या दुसऱ्याच महिन्यात तिला काही झालं तर? शिळा पाव आणतो दुकानातून, मेलिता. मी बघितलं."

मेलिताला त्याची दया आली नाही असं नाही. एखाददुसरा दिवस यायचीही. मग ती डाव्या बाजूला सपाट छातीवरून हात फिरवायची.

अकराव्या वर्षी तिने फोन केला तेव्हा त्याने पटकन उचलला नाही. उचलला तेव्हा त्याला धाप लागली होती.

"अहवाल मिळाला का?"

"मिळाला." कागद चाळल्याचा आवाज आला. "यंदा सहा हजार दोनशे मागतायत, मेलि. मी विचार केला. मी सोडणार आहे. पत्र लिहून ठेवलंय, उद्या टाकतो. मला आता झेपत नाही. आणि तू ठणठणीत आहेस. चांगली गोष्ट आहे. खरंच." तो मोकळं हसला, खूप वर्षांनी. "सुटलो म्हणायचं दोघंही."

मेलिताने फोन या कानावरून त्या कानावर घेतला. खिडकीबाहेर समुद्राला संध्याकाळची भरती होती आणि पोरं किनाऱ्याशी पोहत होती. ती साठ वर्षांची होती आणि आठवड्यातून चार दिवस तिथेच पोहायची.

"बरं केलंस," ती म्हणाली. "तसा अहवाल जूनमधला आहे."

"म्हणजे?"

"काही नाही. खोकला आहे जरा. महिना झाला. डॉक्टर म्हणतात, फुफ्फुसाचा स्कॅन करून घेऊ."

 मग रेनो घसा साफ करून म्हणाला, "कधी आहे स्कॅन?"

"बघू. नंबर लागला की."

"काळजी घे हं, मेलि," तो म्हणाला. "कळव मला. नक्की कळव."

"कळवेन."

दुसऱ्या दिवशी ग्लेनिसकडून तिला कळलं, की हप्ता जमा झाला. तेव्हा मेलिता नुकतीच तासभर पोहून आली होती आणि तिला एकदाही खोकला आला नव्हता. तिने ओला टॉवेल कठड्यावर टाकला, संत्रं सोललं आणि एकेक फोड चोखत उभी राहिली.